आणि हो, यावरून फोनही लागतो!

लिनक्स फोनचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अरे, पण अँड्रॉइडसुद्धा लिनक्सच ना?" कर्नलपुरतं, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यापुरतं, खरं आहे, पण त्याच्यावरचं जवळजवळ सगळं गूगलने वेगळं रचलंय. या नादातली मंडळी ज्याला 'लिनक्स फोन' म्हणतात, त्यात लॅपटॉपवर चालतं तेच डेबियन, तेच टर्मिनल, तोच फायरफॉक्स असतो. फक्त पडदा सहा इंचांचा. असा फोन रोज वापरायला घेतला की सगळं गणित उलटं होतं. इतर फोनवर जे अशक्य, ते इथे चुटकीसरशी होतं. आणि जे कुणीही डोळे मिटून करतं, म्हणजे कॉल घेणं, गजर लावणं, वाण्याचे पैसे देणं, त्याला इथे घाम फुटतो. या उलट्या गणिताच्या काही गमतीजमती.

१. तुमच्या घरात एखादा होऊन गेलाही असेल

पारदर्शक झाकणाचा मोटोमिंग आठवतोय? झाकण मिटलेलं असलं तरी आतला पडदा दिसायचा, आणि स्टायलस काढून ऐटीत नंबर टिपता यायचा. तो लिनक्सवर चालायचा. मोटोरोलाने २००३ मध्येच ए-७६० हा लिनक्स फोन आणला होता, हा त्याच घराण्यातला. पुढे २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांत दिला. रॅम किती? १२८ एमबी! जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझनवरचा आपला पहिला स्मार्टफोन झेड-१ जगात सगळ्यांत आधी भारतात विकायला काढला, ५,७०० रुपयांना. फायरफॉक्स ओएस बंद पडली, पण तिच्याच कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये बसून गावोगाव पोचली. या सगळ्यांच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल. अर्थात यांतल्या एकानेही मालकाला आत हात घालू दिला नाही. खरी गंमत त्यापुढची आहे.

२. आयफोननंतर दहाच दिवस

पहिला आयफोन २९ जून २००७ ला अमेरिकेतल्या दुकानांत आला. ९ जुलैला तैवानच्या ओपनमोको प्रकल्पाने निओ १९७३ विक्रीला काढला: आतलं सॉफ्टवेअर खुलं, हवं ते बदला. नावातलं साल उगाच नाही. ३ एप्रिल १९७३ ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगल यांना! पुढच्या वर्षी आलेल्या निओ फ्रीरनरच्या तर बाहेरच्या कवचाच्या सीएडी फाइलीसुद्धा जगाला मोकळ्या केल्या होत्या. फक्त एक भानगड झाली. बऱ्याच फ्रीरनरवर बोलताना पलीकडच्याला सतत घूंऽऽ असा आवाज ऐकू जायचा. यावर अपडेट हा उपाय नव्हताच, सोल्डरिंग करावं लागायचं. युरोपात त्यासाठी लोक मेळावे भरवून एकमेकांचे फोन दुरुस्त करून द्यायचे.

३. टर्मिनल घेऊन आलेला नोकिया

नोव्हेंबर २००९ मधला नोकिया एन-९०० हा आजही जाणकारांच्या गप्पांत पहिल्या पाच मिनिटांत निघतो. सरकवला की खालून कीबोर्ड बाहेर यायचा. डेबियनच्या पद्धतीचं पॅकेज मॅनेजर आत होतं आणि टर्मिनल कंपनीनेच घालून दिलेलं होतं. लेन्सवरचं झाकण सरकवलं की कॅमेरा आपसूक सुरू व्हायचा. एफएम ट्रान्समीटर होता, म्हणजे फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर लावता यायचं. इन्फ्रारेड पोर्ट होतं, तर हौशी लोकांनी त्याचा टीव्हीचा रिमोट करून टाकला. हे सगळं ६०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर आणि २५६ एमबी रॅममध्ये! नोकियाने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं, पण 'माएमो लेस्टे' नावाचा स्वयंसेवी प्रकल्प त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर अजून घडवतोय.

४. फोनच्या बाजारात हरलं, हॉलमध्ये जिंकलं

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी घरोबा जाहीर केला आणि जूनमध्ये लिनक्सवरचा एन-९ जगाला दाखवला. म्हणजे जन्मतःच पोरका. फोन मात्र देखणा. समोर एकही बटण नाही, सगळा कारभार कडेवरून बोट सरकवून. आयफोनचं होम बटण जायला त्यानंतर २०१७ साल उजाडलं. एन-९ ज्या मीगो प्रकल्पातून आला, त्यातला नोकियाचा भागीदार इंटेल पुढे सॅमसंगसोबत टायझनकडे वळला. टायझनचे फोन गेले, पण २०१५ पासून सॅमसंगचे स्मार्ट टीव्ही टायझनवर चालतात. तिकडे २००९ च्या पाम प्री या फोनसाठी बनलेली वेबओएस हिंडत फिरत एलजीच्या टीव्हीत जाऊन बसली. तेव्हा घरात या दोनपैकी एखाद्या कंपनीचा टीव्ही असेल, तर मालिका बघताना समोर एका पडलेल्या फोनचा वारसदारच बसलेला असतो.

५. विक्रम करून आपटलेला फोन

उबुंटू एज. २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कॅननिकल कंपनीने लोकवर्गणीतून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. फोन आणि डेस्कटॉप एकातच, ४ जीबी रॅम, १२८ जीबी साठा. त्या काळी हे आकडे ऐकून भोवळ यायची. लोकांनी १ कोटी २८ लाख डॉलर देऊ केले. ठरावीक मुदतीच्या लोकवर्गणीतला तोवरचा विक्रम तो! पण लक्ष्य गाठलं नाही म्हणून सगळे पैसे परत गेले आणि फोन कधी बनलाच नाही. कॅननिकलने एप्रिल २०१७ मध्ये उबुंटू फोनचा नादच सोडला. मग यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी उबुंटू टच दत्तक घेतलं, ते आजतागायत सांभाळताहेत.

६. साडेपाच हजारांत फिनलंड

नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी योला नावाची कंपनी काढली आणि सेलफिश ओएस घडवली. तिचा पहिला फोन सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात स्नॅपडीलवर १६,४९९ रुपयांना आला. २०१६ मध्ये इंटेक्सने हीच सेलफिश घालून ॲक्वा फिश अवघ्या ५,४९९ रुपयांत विकला. खास भारतासाठी बनलेला तो फोन आज जुन्या फोनांच्या शौकिनांना मिरवायला पुरतो. सेलफिशच्या आवृत्त्यांना फिनलंडमधल्या ठिकाणांची नावं देण्याचा प्रघात आहे. त्यात २०२१ मधल्या चौथ्या आवृत्तीचं नाव होतं 'कोली'. वरळीच्या कोळीवाड्याशी तिचा काही संबंध नाही, ते तिकडचं राष्ट्रीय उद्यान आहे.

७. टूथपिकने चालणारी गोपनीयता

पाइन-६४ कंपनीचा पाइनफोन २०२० च्या सुरुवातीला लोकांच्या हातात पडला, किंमत साधारण १५० डॉलर. मागचं झाकण नखाने उचकटलं की आत सहा इवल्याशा स्विचांची रांग दिसते. बोट पुरत नाही, टूथपिक किंवा टाचणी लागते. पहिला स्विच मोडेमचा, दुसरा वायफाय आणि ब्लूटूथचा, तिसरा माइकचा, चौथा मागच्या कॅमेऱ्याचा, पाचवा पुढच्या कॅमेऱ्याचा. टक् करून खाली केला की तो भाग विजेच्या पातळीवरच बंद होतो. कुठलंही ॲप, कितीही परवानग्या घेऊन बसलेलं असो, त्याला तो पुन्हा चालू करता येत नाही. सहावा स्विच सगळ्यांत भन्नाट. तो खाली केला की हेडफोनचं भोक हेडफोनचं राहत नाही. तिथे विशिष्ट केबल लावायची आणि फोन सुरू होताना आत काय काय चाललंय ते लॅपटॉपवर ओळीओळीने वाचायचं. आणि बॅटरी? सॅमसंगच्या जुन्या गॅलेक्सी जे-७ च्या मापाची. ती बसली तर सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या झिजवायला नकोत.

८. झाडांच्या नावाचे फोन

अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने २०१७ मध्ये लिब्रेम-५ साठी १५ लाख डॉलरची वर्गणी मागितली, २० लाखांहून जास्त जमली. फोन तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला आणि प्रत्येक तुकडीला वर्णानुक्रमे झाडाचं नाव: ॲस्पेन, बर्च, चेस्टनट, डॉगवुड, एव्हरग्रीन. इथले तीन स्विच बाहेर, कडेलाच आहेत. तिन्ही बंद केले की जीपीएस आणि हालचाल टिपणारे सेन्सरही झोपतात. मोडेम आणि वायफायची कार्डं लॅपटॉपसारखी स्क्रू काढून बदलता येतात. यातला अमेरिकेत जुळणी केलेला फोन १,९९९ डॉलरला विकला गेला. एवढ्या पैशांत पाइनफोन बाराहून जास्त आले असते!

९. फोनमध्ये आणखी एक फोन

पाइनफोनमधला मोडेम म्हणजे क्वेक्टेल कंपनीचा ईजी-२५-जी. चहाच्या बिस्किटाहून लहान. त्याच्या आत स्वतंत्र एआरएम प्रोसेसर आहे आणि त्यावर त्याचं स्वतःचं, वेगळं लिनक्स चालतं. म्हणजे मुख्य फोन बंद पडला तरी आतला धाकटा लिनक्स जागा राहू शकतो. हे कळल्यावर हौशी लोक गप्प कसले बसतात? त्यांनी मोडेमसाठीच पर्यायी सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात एक करामत अशी, की आपल्याच मोडेमला एसएमएस पाठवायचा आणि मोडेम उत्तर देतो: सिग्नल किती आहे, किती वेळ जागा आहे, वगैरे. बिल काही येत नाही, कारण तो निरोप फोनच्या बाहेर जातच नाही.

हाच मोडेम मधूनच रुसून गायब व्हायचाही. म्हणून त्याची मनधरणी करणारा एक खास प्रोग्रॅम लिहिला गेला. मोडेमला उठवायचं, हवं-नको बघायचं, दिसेनासा झाला की पुन्हा सुरू करायचं, एवढंच त्याचं काम.

१०. रिंग वाजण्याआधीची धावपळ

बॅटरी वाचवण्यासाठी पाइनफोन गाढ झोपतो. इतका, की मुख्य प्रोसेसर जवळजवळ बंदच. पहाऱ्याला त्याच चिपमधला एक छोटा, वेगळ्या जातकुळीचा प्रोसेसर असतो. त्यावर 'क्रस्ट' नावाचा इवलासा प्रोग्रॅम चालतो. कॉल आला की मोडेम एका तारेवरून इशारा देतो. पहारेकरी मुख्य प्रोसेसरला उठवतो. मग मेमरी, पडदा, यूएसबी एकेक जागे होतात. कॉलचं ॲप मोडेमशी बोलतं, रिंग वाजते. तुम्ही हिरवं बटण दाबलं की आणखी एक प्रोग्रॅम आवाजाचा मार्ग स्पीकरवरून कानाच्या स्पीकरकडे वळवतो. यात काही सेकंद जातात आणि मिस्ड कॉलचा जन्म होतो. हा आवाजाचा मार्ग वळायचा राहिला, तर दोन्हीकडून फक्त "हॅलो? हॅलो?" चालू. नेहमीच्या फोनवर हे सगळं कुणाला दिसत नाही, कारण चिप बनवणारे आणि फोन बनवणारे मिळून बंद दाराआड ते आधीच जुळवून ठेवतात. इथे तेच काम चारदोन स्वयंसेवक रात्री जागून करताहेत.

११. गजर लावला, पण फोनच झोपला

डेस्कटॉपवरचं घड्याळाचं ॲप गृहीत धरतं की संगणक जागा आहे. तेच ॲप फोनवर आलं, पण फोन तर रात्री गाढ झोपलेला! गजर वाजवायला आधी गजर लावणाऱ्यालाच उठवायला हवं. मग लोकांनी आतल्या हार्डवेअर घड्याळाला 'सहाला एक मिनिट कमी असताना ढोस' असं सांगून ठेवणारी छोटी साधनं लिहिली. ती येईपर्यंत पहाटेच्या गाडीसाठी आजीचं गजराचं घड्याळच बरं.

१२. मोकळ्या आकाशाखाली बारा मिनिटं

जीपीएसचे उपग्रह माहिती पाठवतात ती सेकंदाला ५० बिट या गतीने. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तुमच्या नेहमीच्या फोनला ठिकाण चटकन सापडतं, कारण तो हीच माहिती इंटरनेटवरून आयती घेतो. लिनक्स फोनवर ती सोय जोडलेली नसेल, तर गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत उभं राहायचं. शेजाऱ्यांना वाटतं, कुणी पतंग शोधतंय!

१३. जिओवर मौनव्रत

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते थेट ४जी घेऊन. त्यांचं २जी-३जी जाळं नाहीच. त्यामुळे जिओवर बोलायचं तर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल, हवंच. आणि व्हीओएलटीई हीच लिनक्स फोनांची दुखरी नस. मोडेमला ते जमलं तरी त्या त्या कंपनीच्या जाळ्यानुसार सेटिंग बसवावं लागतं. इतर कंपन्यांचं २जी अजून आहे, तिथे पाइनफोन बोलायला जुन्या २जीवर उतरतो. बोलणं संपेपर्यंत इंटरनेट थबकतं. म्हणजे हातात खुल्या सॉफ्टवेअरचं भविष्य, आणि कॉल मात्र एसटीडी बूथच्या जमान्यातल्या जाळ्यावर.

१४. वाण्याच्या दुकानात फजिती

यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस जातो आणि त्यावरून तुमचा नंबर त्या फोनशी बांधला जातो. वर अनेक पेमेंट ॲप गूगलकडे चौकशी करतात, की हा फोन अस्सल, प्रमाणित अँड्रॉइड आहे ना? लिनक्स फोन इथे सपशेल नापास. त्याने कितीही सुरक्षित राहून दाखवलं, तरी परीक्षा घेणारे दोनच घराण्यांना ओळखतात. पळवाट आहे, आणि ती मोठी मजेशीर आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फीचर फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. त्यात ठरलेल्या नंबरवर कॉल करून, आकडे दाबून पैसे पाठवता येतात. म्हणजे जो फोन स्वतःचं कर्नल स्वतः कंपाइल करू शकतो, तो वाण्याकडे बटणांच्या फोनांच्या रांगेत उभा!

व्हॉट्सॲपचंही असंच. लिनक्स फोनवर ते ब्राउझरमधून चालतं, पण मूळ खातं अँड्रॉइडवर नाहीतर आयफोनवर असावं लागतं. आणि तो मूळ फोन १४ दिवस उघडलाच नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर फेकली जातात. त्यामुळे कित्येक निष्ठावंतांच्या कपाटात एक जुना अँड्रॉइड चार्जरला लावलेला असतो. विषय काढू नका, चिडतात.

१५. एक कर्नल, दोन संसार

ज्यांना अँड्रॉइडची चार ॲप हवीतच, त्यांच्यासाठी वेड्रॉइड आहे. लिनक्स फोनच्या आत एका बंदिस्त कप्प्यात अख्खं लिनेजओएस, म्हणजे गूगलविरहित अँड्रॉइड, सुरू होतं. दोघांचं कर्नल एकच. नकाशे, वेळापत्रकं, वाचनाची ॲप यांसारखी साधी मंडळी इथे निमूट नांदतात. बँकेची ॲप मात्र दारातूनच परत फिरतात.

१६. तीन बटणांत सगळं राज्य

'सक्समो' नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यात पडद्याला हात न लावता आवाज वाढवायचं, कमी करायचं आणि पॉवरचं, अशा तीन बटणांवर फोन हाकता येतो. एकदा दाबलं तर एक काम, दोनदा दाबलं तर दुसरं, तीनदा दाबलं तर तिसरं. जवळजवळ सगळं साध्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, त्यामुळे मेनूतला शब्द आवडला नाही तर फाइल उघडायची आणि बदलायचा. हातमोजे घातलेले असोत की पावसात पडदा ओला झालेला असो, याला फरक पडत नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटतं, याचा फोन अडकलाय.

१७. एका कार्डावर डझनभर फोन

पाइनफोन सुरू होताना आधी मायक्रोएसडी कार्ड तपासतो. त्यामुळे आतलं सगळं उद्ध्वस्त केलंत तरी दुसरं कार्ड घातलं की फोन पुन्हा उभा. एका कसबी विकासकाने तर एकाच कार्डावर डझनाहून जास्त लिनक्स बसवून दाखवले. फोन चालू करताना यादी येते, त्यातला आज कोणता हवा तो निवडायचा. नव्याने बसवलेल्या या लिनक्सांचा पिनही जगजाहीर असतो: मोबियनचा १२३४, मांजारोचा १२३४५६, पोस्टमार्केटओएसचा १४७१४७. बसवल्यावर पहिलं काम तो बदलणं. आळस केलात तर स्विच बंद करून कमावलेली सगळी गोपनीयता पाण्यात.

१८. ओटीपीची हुकमी हमाली

इथे मात्र बाकीच्या फोनांनी मान खाली घालावी. लॅपटॉपवरून एसएसएच करून फोनमध्ये शिरायचं आणि कीबोर्डवर टाइप करून एसएमएस पाठवायचा. आलेले एसएमएस साध्या डेटाबेस फाइलीत पडलेले असतात, दोन वर्षांपूर्वीचा गॅस बुकिंगचा नंबर एका कमांडमध्ये शोधता येतो. ओटीपी आला की तेवढे आकडे उचलून लॅपटॉपवर पाठवणारी स्क्रिप्ट चार-पाच ओळींची. फोनवरच्या टर्मिनलसाठी पडद्यावरच्या कीबोर्डला कंट्रोल, टॅब आणि एस्केपची बटणंही येतात.

१९. मराठी? तीही आहे

वाचायची अडचण नाही. लिनक्सवर गेली वीसेक वर्षं दिसणारा लोहित देवनागरी फाँट रेड हॅटने २००४ मध्ये खुला केला आणि कंपनीच्या पुण्यातल्या चमूने तो सांभाळला. लिहायला पडद्यावरचा कीबोर्ड मराठी देईलच असं नाही. पण यूएसबी-सीला डॉक लावला, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला, की हाच फोन डेस्कटॉप होतो. मग लिनक्सच्या कीबोर्ड यादीत इनस्क्रिप्ट आहेच, शिवाय 'मराठी कगप' नावाची उच्चारानुसारी मांडणीही आहे. ती मूळची कन्नड गणक परिषदेची. बेळगाववरून कितीही वाजू दे, लिनक्समध्ये मराठी टंकायला कन्नडिगांची मांडणी बिनतक्रार चालते.

२०. वरळीतला जन्म, अजून तरुण

पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प मे २०१७ मध्ये जाहीर झाला तो एका हट्टाने: फोन दहा वर्षं टिकला पाहिजे. कंपनीने अपडेट बंद केले तरी लिनक्सचं मूळ, ताजं कर्नल त्यावर चालवायचं. या खटपटीतले लाडके दोन फोन आपल्या चांगल्याच ओळखीचे आहेत. वनप्लस ६, ज्याचा भारतातला सोहळा मे २०१८ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाला. आणि पोको एफ-१, जो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत २०,९९९ रुपयांपासून आला. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५. पाइनफोनपेक्षा कितीतरी चपळ, आणि जुन्या बाजारात स्वस्त. मोठं दुखणं म्हणजे कॅमेरा. त्याचे ड्रायव्हर कंपन्यांनी कुलुपात ठेवलेले, म्हणून कॅमेरा अनेक वर्षं नुसता शोभेला.

फोन म्हणून निवृत्त झाला तरी काम संपत नाही. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने स्मार्टफोन एकत्र जोडून छोटं डेटा सेंटर करून दाखवलं. एका फोनमागे खर्च सुमारे ८ युरो.

२१. मग घ्यायचा का?

हिशेब सरळ आहे. या फोनचा कॉल अडतो तो मोडेमच्या आणि जाळ्याच्या बंद दारापाशी, पैसे अडतात ते प्रमाणपत्र मागणाऱ्यापाशी, कॅमेरा अडतो तो कुलूपबंद ड्रायव्हरपाशी. जिथे दार उघडं होतं तिथे हौशी लोकांनी, फुकटात, मोठमोठ्या कंपन्यांना जमलं नाही ते करून ठेवलंय. म्हणून तो दुसरा फोन म्हणून बेस्ट, पहिला म्हणून जिवाशी खेळ.

हात शिवशिवतच असतील, तर ड्रॉवरमधला जुना वनप्लस किंवा पोको काढा, आतले फोटो आधी उतरवून घ्या, कारण सगळं पुसलं जाणार आहे. बँकेशी जोडलेलं सिम त्यात घालू नका. सुरुवात शनिवारी सकाळी करा, रविवार दुरुस्तीला राहील. आणि पहिला कॉल आईला लावू नका. तिला आवाज गेला नाही, तर ती तुमच्या सगळ्या मित्रांना फोन करेल, आणि त्यांचे फोन तर व्यवस्थित चालतात!